पाण्याचा मुक्काम

उद्या तुम्हाला पाचवीच्या वर्गात जलचक्र शिकवायचं आहे. मुलं घरी गेली. खडूची भुकटी अजून खाली बसते आहे. घाई नसेल तर तुम्हीही जरा बसा. जून अर्धा सरत आला, मृग कोरडाच चालला आहे. लातूर जिल्ह्यातल्या देवणीच्या शाळेतली ही खोली दिवसभराच्या उन्हानं अजून तापलेली आहे. कोपऱ्यातल्या माठातून पेलाभर पाणी घ्या. लगेच पिऊ नका, नुसतं हातात धरा.

पेला गार लागतो. माठाच्या अंगाला हात लावून बघा, ते ओलसर आहे. मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरतं, बाहेर येऊन त्याची वाफ होते, आणि जाताना ती वाफ आतल्या पाण्याची ऊब घेऊन जाते. म्हणजे या बंद खोलीतही पाण्याचा प्रवास चालूच आहे. ‘बाष्पीभवन’ हा शब्द उद्या फळ्यावर लिहाल, त्याआधी एकेका मुलाला माठाला हात लावू द्या.

आता पुस्तकातलं चित्र आठवा. समुद्र, सूर्य, ढग, डोंगर, नदी आणि गोल फिरून पुन्हा समुद्राशी येणारे बाण. चित्रात कुठे खंड नाही. पण उद्या मागच्या बाकावरून कुणीतरी विचारणार, “सर, वर गेलेलं पाणी खालीच येतंय, तर मग आमचं बोअर कशानं आटलं?”

उत्तराची घाई करू नका. हा प्रश्न आज संध्याकाळी आपल्याच मांडीवर घेऊन बसा.

डोळे मिटा. मनानं पश्चिमेकडे चला. अरबी समुद्र उन्हात तापतो आहे. पाण्याची वाफ होते, मीठ खालीच राहतं. नैर्ऋत्येचे वारे ती वाफ किनाऱ्याकडे ढकलतात. समोर सह्याद्री उभा. वारे चढू लागतात, चढताना थंड होतात, वाफेचे थेंब होतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो तो यामुळे. घाट उतरलेले वारे पुन्हा तापतात आणि ढग विरळ होतात. काही पाऊस बंगालच्या उपसागरातून आलेले कमी दाबाचे पट्टेही आणतात. सगळं मिळून लातूर जिल्ह्याच्या वाट्याला वर्षाला साधारण सातशे-आठशे मिलिमीटर येतो. हवेत गेलेलं पाणी वर फार राहत नाही, सरासरी नऊ-दहा दिवसच. आभाळातला मुक्काम छोटा असतो.

एक श्वास घ्या. तुमच्या उच्छ्वासातही वाफ आहे.

आता पहिला मोठा पाऊस देवणीच्या शिवारावर पडू द्या. काळ्या रानाला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या आहेत. पाणी आधी त्या भेगांत उतरतं. मग माती फुगते, भेगा मिटतात, आणि पुढचा पाऊस वरच्या वर ओढ्याला लागतो. मातीखाली मुरूम, मुरमाखाली काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून झालेला हा कातळ. त्याच्या पोटात पाण्याला जागा आहे ती फक्त झिजलेल्या थरात आणि चिरांत. वाळूच्या प्रदेशासारखी मोठी कोठारं इथे नाहीत. वर्षाला मुरतं थोडं आणि शेकडो बोअरं उपसतात जास्त. मागच्या बाकावरच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे, या कातळात आहे.

उरलेलं अर्धं उत्तर ओढ्याबरोबर चाललं आहे. त्याच्यासोबत जा. ओढा मांजरेकडे, मांजरा कर्नाटकाकडे, तिथून तेलंगणात. पुढे वळसा घेऊन ती नांदेड जिल्ह्यात कुंडलवाडीजवळ गोदावरीला मिळते, आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. पाणी आलं बहुतेक पश्चिमेच्या समुद्रातून आणि गेलं पूर्वेच्या समुद्राला. चक्र खरंच आहे, पण ते आपल्या गावाभोवती फिरत नाही. आपलं शिवार म्हणजे त्याच्या वाटेवरची एक धर्मशाळा.

म्हणून पाणी येतं की नाही, एवढंच विचारून भागत नाही. आलेलं पाणी किती दिवस थांबतं, तेही विचारायला हवं.

थांबण्याच्या जागा मनाशी मोजा. बांधाआडची माती. गावची जुनी विहीर. सोयाबीनचं पान, जे दिवसभर मुळांतलं पाणी हवेत सोडतं. गोठ्यातली देवणी गाय, पांढऱ्या अंगावर ढगांसारखे काळे ठिपके असलेली, शेवेरा प्रकारची. तिच्या दुधात शंभरातले ऐंशीहून अधिक भाग पाणीच. आणि तुमच्या हातातला हा पेला.

थांबलेलं पाणी संपलं की काय होतं, त्यासाठी 12 एप्रिल 2016 आठवा. त्या पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. पाण्याचं चक्र रुळांवरून फिरवावं लागलं. आज पाचवीत बसणाऱ्या मुलांना ते आठवणार नाही. त्यांच्या घरात मात्र कुणी ना कुणी हंड्यांच्या रांगेत उभं होतं. उद्या त्यांना घरी विचारून यायला सांगा.

आता वर छपराकडे बघा. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. ही खोली धरा साठ चौरस मीटरची, पाऊस सातशे मिलिमीटरचा. एका वर्षात या एका छपरावर बेचाळीस हजार लिटर पाणी पडतं. अशा बारा खोल्या मिळून त्या पहिल्या रेल्वेइतकं होतं. सगळं हाती लागणार नाही. काही उडून जाईल, काही वाहून जाईल. पण पन्हळीखाली टाकी असली, नाहीतर विहिरीपाशी शोषखड्डा असला, तर त्यातलं बरंचसं चार दिवस जास्त मुक्काम करील.

उद्या चित्र काढून घ्याच, बाणही नीट काढायला लावा. पण त्याआधी मुलांना मोजपट्टी द्या आणि खोलीची लांबी-रुंदी मोजायला लावा. गुणाकार त्यांचा त्यांना करू द्या. जलचक्रात आपल्या हातात असलेला बाण तेवढाच, आणि तो पुस्तकातल्या चित्रात नाही.

आता पेल्यातलं पाणी सावकाश प्या. खाली काही उरलं, तर दाराजवळच्या रोपाला घाला.