कठडा बांधणारे हात

(शास्त्रपाठ : अनुवाद २२, ओवी ८, प्रेषितांची कृत्ये ९, ओव्या ३६ ते ४२)



मोशेच्या नियमशास्त्रात एक लहानशी आज्ञा आहे. तिच्याकडे वाचकाचे लक्ष सहसा जात नाही. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याच्या कडेस कठडा करावा. तो न केल्यामुळे वरून कोणी पडून मेला, तर त्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल, असा तिचा भावार्थ आहे. ज्यांनी माळवदाच्या घरात दिवस काढिले आहेत, त्यांस ही आज्ञा समजावून सांगावयास नको. उन्हाळ्याच्या रात्री माणसे वर निजतात, मुले झोपेत लोळतात, आणि अंधारात कड दिसत नाही.

येथे एक गोष्ट मनात धरण्याजोगी आहे. पडलेल्यास उचलावे, ही आज्ञा शास्त्रात अन्यत्र आहे. शोमरोनी माणसाचा दाखला तर आपल्या लेकरांसही पाठ आहे. परंतु येथे देव पडण्यापूर्वीच प्रीती करावयास सांगतो. जखमेवर तेल ओतणे हा शेजारधर्म खराच. तथापि ज्याचे नाव आपणास ठाऊक नाही, जो अद्याप आपल्या उंबऱ्याशी आलाही नाही, तो पडू नये म्हणून आज दगडावर दगड ठेवणे, हाही शेजारधर्मच होय.

या आज्ञेच्या प्रकाशात आम्ही आज मलेरियाविषयी, म्हणजे हिवतापाविषयी, लिहीत आहो. एके काळी लोकांस वाटे की, हा ताप दलदलीच्या वाईट हवेतून येतो. कोणी तो देवीदेवतांचा कोप मानीत व भगताकडे धाव घेत. पुढे १८८० साली अल्जीरियात लाव्हेराँ या फ्रेंच डॉक्टरास रोग्याच्या रक्तात या तापाचे जंतू दिसले. आणि २० ऑगस्ट १८९७ रोजी आपल्या देशातच, सिकंदराबाद येथे, रोनाल्ड रॉस यास तेच बीज डासाच्या पोटात सापडले. ॲनोफिलिस जातीच्या डासाची मादी संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावते व एकाच्या रक्तातील विष दुसऱ्याच्या रक्तात नेते. तेव्हापासून धाब्याची कड कोठे आहे, हे मनुष्यास कळले आहे. ज्यास कड दिसली आहे, त्याने कठडा न बांधणे हे आता अज्ञान म्हणता येत नाही.

आणि पडणारे किती आहेत! जागतिक आरोग्य संघटनेच्या गणनेप्रमाणे एकट्या २०२३ साली जगात सुमारे २६ कोटी ३० लाख वेळा लोकांस हा ताप आला व सुमारे ५ लाख ९७ हजार जीव गेले. या मृत्यूंपैकी शंभरांतील ९५ आफ्रिकेत घडले. आणि तेथे मेलेल्या दर चारांपैकी सुमारे तीन पाच वर्षांखालील बालके होती. उलट बाजूही पाहा. २००० ते २०१५ या वर्षांत आफ्रिकेत सुमारे ६६ कोटी आजारपणे टळली व त्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक औषध लावलेल्या मच्छरदाण्यांमुळे टळली, असा शोधकांचा अंदाज आहे. कापडाच्या जाळीचा एक कठडा, आणि त्याच्या आत निजलेले लेकरू सकाळी हसत उठते.

हा कठडा कोणी बांधावा? धनवानांनी व सरकारांनी तो बांधावाच. परंतु या कामात ज्यांच्या हाती पैसा नव्हता असे पुष्कळ लोक सामील झाले, आणि त्यांनी आपले हातच पुढे केले.

२००६ साली अमेरिकेत एका क्रीडालेखकाने आपल्या वाचकांस एकेका मच्छरदाणीसाठी १० डॉलर द्यावयाची विनंती केली. तीतून ‘नथिंग बट नेट्स’, म्हणजे ‘केवळ मच्छरदाण्याच’, या नावाची मोहीम उभी राहिली व युनायटेड मेथोडिस्ट मंडळी तीत भागीदार झाली. तेव्हा पेनसिल्व्हेनिया प्रांतातील एका मंडळीतील लहान मुलांनी कागदावर रंगीत भेटपत्रे आपल्या हातांनी तयार केली. जो कोणी १० डॉलर देई, त्यास ते भेटपत्र नाताळात आपल्या आप्तास देता येई. आणि त्या आप्ताच्या नावाने एक मच्छरदाणी आफ्रिकेस जाई. मुलांजवळ रंगाच्या कांड्या व कागद यांवाचून दुसरे काय होते? पुढे २०१० साली त्याच मंडळीने ‘इमॅजिन नो मलेरिया’ हे कार्य हाती घेतले व ७ कोटी ५० लाख डॉलर जमविण्याचा संकल्प केला. एवढ्या मोठ्या संकल्पात बालकांच्या कागदांसही जागा होती.

दुसरे उदाहरण आम्हांस याहूनही अधिक बोधप्रद वाटते. २०१० साली दक्षिण आफ्रिकेत फुटबॉलची जागतिक स्पर्धा झाली. त्या सुमारास मलेरियाच्या निवारणार्थ मण्यांची कंकणे विक्रीस निघाली. ती कंकणे केपटाऊन शहराच्या गरीब वस्त्यांतील वृद्ध स्त्रिया ओवीत असत. त्यांपैकी कित्येकींवर नातवंडांच्या पोषणाचा भार होता. कंकण विकले गेले म्हणजे ओवणारीस मजुरी मिळे, व एक वाटा मलेरियाविरुद्धच्या कार्यास जाई. पुढे अशाच कंकणांच्या विक्रीतून शेजारच्या मोझांबिक देशात घरोघर भिंतींवर डासनाशक औषधाची फवारणी करण्यास साहाय्य झाले. जिची स्वतःची चूल कष्टाने पेटते, तिची बोटे परक्या देशातील लेकरासाठी कठडा रचतात!

यापो गावची टबीथा, म्हणजे दुर्कस, हिची आठवण येथे कोणास होणार नाही? तिने उपदेश केला असे शास्त्र सांगत नाही. तिच्याजवळ धन होते असेही सांगत नाही. ती मेली तेव्हा विधवा रडत पेत्राभोवती उभ्या राहिल्या, आणि तिने शिवलेले अंगरखे व वस्त्रे त्यास दाखवू लागल्या. एका सुईची ती साक्ष होती. निवासमंडपाच्या वेळीही असेच घडले. सरदारांनी रत्ने आणिली, परंतु ज्या स्त्रियांच्या अंगी कसब होते त्यांनी बकऱ्यांचे केस कातून दिले, व त्याच सुताचे आच्छादन तंबूवर पडले. रत्ने उरावर चमकली. पाऊस मात्र त्या जाड्याभरड्या कापडाने अडविला.

यास्तव, बंधुभगिनींनो, ‘आम्ही गरीब, आम्ही काय द्यावे?’ असे आपल्या मंडळ्यांत कोणी म्हणू नये. आपल्या भगिनी गोधडी शिवितात. कोणी टोपल्या विणितात, कोणी केरसुण्या बांधितात. शब्बाथशाळेतील मुलांस मातीचे, कागदाचे व दोऱ्याचे काम येते. हंगामाच्या आभारप्रदर्शनाच्या वेळी अनेक ठिकाणी धान्याचा, कोंबड्यांचा लिलाव होतो, त्यातच एक भाग या हस्तकामाचा असू द्यावा. मात्र चार गोष्टी ध्यानात धराव्या.

पहिली ही की, काम चांगले असावे. दुर्कसेचे अंगरखे विधवा खरोखर अंगात घालीत होत्या. धर्मकार्यासाठी आहे म्हणून उसवलेली टोपली कोणाच्या गळ्यात घालणे, हे दान नव्हे.

दुसरी, हिशेब उजेडात असावा. यरुशलेमेच्या गरिबांसाठी वर्गणी जमविताना पौलाने ती एकट्याने हाताळिली नाही. कोणी दोष देऊ नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेली माणसे बरोबर घेतली. आपणही दोघांनी मिळून पैसे मोजावे आणि पै न पै पंचांपुढे व मंडळीपुढे वाचून दाखवावी. मुलांच्या बोटांनी मिळविलेला पैसा हरवला, तर त्यांच्या विश्वासासही इजा होते.

तिसरी, देण्यापूर्वी विचारावे. गडचिरोलीसारख्या वनप्रदेशात, जेथे हा ताप आजही ठाण मांडून आहे, तेथे सरकार औषधयुक्त मच्छरदाण्या वाटीत आले आहे. म्हणून कोणत्या पाड्यास काय कमी आहे, हे आरोग्यसेवकास किंवा आशाताईस विचारूनच पैसा खर्चावा. आपल्या मनास बरे वाटावे यासाठी नव्हे, तर लेकरू जगावे यासाठी आपण देत आहो.

चौथी गोष्ट सर्वांत कठीण. विकत दिलेली मच्छरदाणी पेटीत घडी घालून ठेविली, किंवा ओढ्यात मासे धरावयास नेली, तर तो कठडा खाली पडून राहिलेल्या दगडांचा ढीग होय. संध्याकाळी ती टांगावी, कडा अंथरुणाखाली खोचाव्या, गरोदर स्त्री व लहान मूल यांस प्रथम तीत निजवावे. आठवड्यातून एक दिवस रांजण, माठ व हौद रिकामे करून कोरडे करावे. ताप आला की रक्ताची तपासणी करवावी आणि दिलेले औषध पुरे घ्यावे. उपदेशकांनी हे सर्व आधी आपल्या घरी करावे. मग उपदेश करावा.

कोणी म्हणेल, ‘आम्ही प्रार्थना करितो, प्रभू राखील, मच्छरदाणी कशास?’ सैतानाने आपल्या प्रभूस मंदिराच्या शिखरावर नेले आणि खाली उडी टाक, देवदूत झेलतील, असे सुचविले. प्रभूने उडी टाकिली नाही. पित्याची परीक्षा पाहणे म्हणजे विश्वास नव्हे, हे त्याने दाखविले. दाराशी डबके साठवून रक्षणाची प्रार्थना करणे हे त्या उडीचेच धाकटे भावंड होय. प्रार्थना करावी, आणि उठून डबके बुजवावे.

शेवटी एक शब्द. कठडा बांधणाऱ्याचे आभार कोणी मानीत नाही. कारण जो पडला नाही, त्यास आपण पडलो असतो हे ठाऊकच नसते. दुर्कसेस विधवांचे अश्रू मिळाले. ज्या आजीने मणी ओविले, ज्या मुलीने कागद रंगविला, तिच्यासाठी दूरच्या गावी कोणी रडणार नाही. तेथे केवळ एक लेकरू मोठे होईल, शाळेत जाईल, आणि त्यास काही कळणार नाही. परंतु गुप्त दान पाहणारा जो पिता, तो त्या लेकरास व त्या हातांस, दोहोंसही ओळखितो. ज्याने नाझरेथात सुताराची हत्यारे धरिली आणि पुढे तेच हात आपणांसाठी खिळ्यांस दिले, तो प्रभू आपल्या शिवण्याविणण्यास आशीर्वाद देवो, आणि आपल्या गावांतील एकाही घरावर न बांधलेल्या कठड्याचा दोष राहू न देवो. आमेन.