वाट पाहणें आणि वाट देणें

प्रतीक्षा करण्याच्या क्रियेस आपल्या भाषेनें 'वाट पाहणें' असें नांव दिलें आहे. कोणीतरी येणार आहे, आणि तो ज्या वाटेनें यावयाचा तिच्याकडे डोळे लावून बसावयाचें, हा या शब्दांचा मूळचा अर्थ. त्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती ही कीं, वाट तयार आहे. चालणारा तेवढा यावयाचा राहिला आहे. परंतु जेथें वाटच अर्धी झालेली असते, आणि चालणारा व वाट दोन्ही एकमेकांची प्रतीक्षा करीत थांबतात, तेथें या शब्दांचा अर्थ काय करावा? अशा प्रसंगीं स्वस्थ बसणारास सोशीक म्हणावें कीं कर्तव्यास चुकलेला म्हणावें? हा प्रश्न आम्हांस कोणत्या ग्रंथांत भेटला नाहीं. तो पुणें-सोलापूर रस्त्यावर एका भर दुपारीं पडला.

गेल्या वैशाखांत एका स्नेह्यांच्या विजेवर चालणाऱ्या मोटारींतून आम्ही पुण्याहून सोलापुरास येत होतों. अंतर सुमारें २५० किलोमीटरांचें. बॅटरी निघतांना पूर्ण भरून घ्यावयाची राहिली होती, म्हणून इंदापूरच्या अलीकडे एका चार्जिंग स्टेशनावर थांबलों. तर तेथील यंत्र बंद. विचारावयास जवळपास मनुष्य नाहीं. जीव मुठींत धरून पुढें निघालों. टेंभुर्णीच्या परिसरांत दुसरें ठिकाण सांपडलें. तेथें एकच यंत्र चालू होतें, आणि तें मोकळें होतें. आम्ही आपलें भाग्य वाखाणलें, केबल जोडली व शेजारच्या हॉटेलांत चहा घेत बसलों.

आमची बॅटरी ७८ टक्के भरली असतांना दुसरी एक मोटार येऊन उभी राहिली. तींत एक तरुण जोडपें, त्यांचें वर्षाभराचें मूल आणि एक वृद्ध बाई होत्या. तरुणानें जवळ येऊन अदबीनें विचारलें, "काका, अजून किती वेळ लागेल?" आमच्या स्नेह्यांनीं आमच्याकडे पाहिलें. टेंभुर्णीहून सोलापूर शंभर किलोमीटरांच्या आंत. तेवढ्यास होती ती वीज पुरून उरण्यासारखी होती. परंतु आम्हीच म्हटलें, "पुढें कांहीं अडचण आली तर? भरूं द्या अजून थोडी."

ज्यांस या वाहनांचा परिचय नाहीं त्यांच्यासाठीं येथें एक खुलासा करणें अवश्य आहे. बॅटरी भरणें हें घागर भरण्यासारखें नाहीं. आरंभीं ती झपाट्यानें भरते. परंतु ८० टक्क्यांच्या पुढें तिला इजा पोचूं नये म्हणून विजेचा ओघ कमी कमी केला जातो. त्यामुळें शेवटच्या थोड्या टक्क्यांस आधींच्या कितीतरी टक्क्यांइतका वेळ लागतो. आमच्या त्या 'अजून थोडी'स पाऊण तास लागला. तितका वेळ तें मूल रडत होतें, आणि पत्र्याच्या छपराखालीं उन्हाच्या झळा येत होत्या. आम्ही उठलों तेव्हां त्या वृद्ध बाई म्हणाल्या, "असूं द्या हो, तुम्हांलाही घरीं जायचंच होतं कीं." रात्रीं घरीं पोचून पाहतों तों बॅटरींत साठांहून अधिक टक्के वीज शिल्लक होती. तिचा आम्हांस कांहीं उपयोग नव्हता. ज्यांस उपयोग होता, त्यांचा पाऊण तास मात्र आम्ही घेऊन आलों होतों.

त्या रात्रीं आम्ही स्वतःचें समर्थन करून पाहिलें. मार्गांत पुरेशीं यंत्रें असतीं तर आमच्या हातून असें घडलें असतें काय? खचित नाहीं. तेव्हां दोष आमचा नसून रस्त्याचा आहे! हा युक्तिवाद सोलापूर जिल्ह्यांतील मनुष्यास नवा नाहीं. दुष्काळांत टँकरभोंवतीं ज्या घागरी आदळतात, त्या भांडखोर स्वभावाच्या स्त्रियांच्या असतात असें नाहीं. नळास रोज पाणी येत असतें तर त्याच स्त्रियांनीं एकमेकींस आग्रहानें आधीं पाणी भरावयास लाविलें असतें. टंचाई ही केवळ वस्तूंची नसते. ती हळूहळू मनाचीही होते. उद्यांचा भरंवसा नसला म्हणजे मनुष्य आजच्या गरजेहून अधिक घेतो, आणि त्या अधिक घेण्यानेंच टंचाई आणखी वाढते. म्हणून महामार्गावर पुरेशीं ठिकाणें उभारणें हें केवळ सोयीचें काम नव्हे; लोकांच्या सद्‌वर्तनास आधार देण्याचें तें काम आहे.

इतकें मान्य करूनही समर्थन पुरें होत नाहीं. सुबत्तेंत सारेच उदार असतात. तेथें औदार्याची परीक्षाच होत नाहीं. रस्त्यानें आम्हांस भय दाखविलें हें खरें, परंतु त्या भयाची किंमत शेजारच्या मुलाकडून वसूल करण्याचा निर्णय आमचा होता. परिस्थिति कारण होऊं शकते. तिला कर्ता मानणें ही पळवाट आहे.

आतां दुसऱ्या, अधिक व्यापक प्रतीक्षेकडे वळूं. गेलीं तीन वर्षें आम्ही स्वतः असें मोटारवाहन घेण्याचें लांबणीवर टाकीत आहों. कोणी विचारलें कीं आमचें उत्तर ठरलेलें: "रस्त्यावर सोयी होऊं द्या, मग पाहूं." सोय करणारा म्हणतो, आधीं गाड्या वाढूं द्या, एवढें भांडवल घालून रिकाम्या यंत्रापाशीं कोणी बसावें? आपल्या शास्त्रकारांनीं यास बीजांकुरन्याय म्हटलें आहे: बीजावांचून अंकुर नाहीं, अंकुरावांचून बीज नाहीं. तर्कांत हें कोडें अनादि म्हणून सोडून देतां येतें. व्यवहारांत मात्र कोणीतरी हातांतलें बीं मातींत टाकावें लागतें.

हें काम सरकारचें आहे असें म्हणून हात झटकणें सोपें आहे. परंतु केंद्र सरकारनें २०१८ सालींच स्पष्ट केलें कीं, मोटारीस वीज भरून देणें ही सेवा आहे; तिच्यासाठीं वीजपुरवठ्याचा परवाना नको. त्याच वर्षाच्या मार्गदर्शक सूत्रांत महामार्गाच्या दोन्ही बाजूंस दर २५ किलोमीटरांवर एक ठिकाण असावें असें सांगितलें, आणि महाराष्ट्र सरकारच्या २०२५ च्या धोरणानेंही तेंच अंतर धरलें. या हिशेबानें पुणें-सोलापूर मार्गावर प्रत्येक बाजूस दहा ठिकाणें पडतात. तीं नुसतीं उभीं असून भागत नाहीं. तीं चालू असावीं लागतात. बंद यंत्र हें नसलेल्या यंत्राहून वाईट, कारण नसलेल्याच्या भरंवशावर कोणी घर सोडीत नाहीं.

इतिहासाकडे पाहावें तर या प्रदेशानें अर्धवट वाटेवरून चालण्याचा धडा पूर्वींच घेतलेला आहे. १८५८ सालीं खंडाळा ते पुणें आगगाडी सुरू झाली, आणि १८६० सालीं ती सोलापुरास येऊन पोचली. परंतु बोरघाटांतील लोहमार्ग पुरा झाला तो १८६३ सालीं. म्हणजे मधलीं वर्षें मुंबईकडील उतारू घाटाच्या पायथ्याशीं उतरे, पालखींतून, तट्टावरून किंवा बैलगाडींतून घाट चढे, आणि खंडाळ्यास पुन्हां गाडींत बसे. घाट पुरा होईतों पुढचा मार्ग बांधूं नये असें बांधणारांनीं म्हटलें नाहीं, आणि गाडी सलग होईतों घरीं बसूं असें उतारूंनीं म्हटलें नाहीं. अर्थात्‌ येथें एक गोष्ट झांकून ठेवणें अप्रामाणिकपणाचें होईल: रेल्वे कंपनीस भांडवलावर पांच टक्के व्याजाची हमी सरकारनें दिलेली होती, आणि तिचा भार अखेर येथील रयतेवर पडे. त्या व्यवस्थेंत अन्याय होता. परंतु तिच्यांतून एक तत्त्व निघतें. पहिलें पाऊल टाकणाराचा धोका त्याच्या एकट्याच्या डोक्यावर ठेवून भागत नाहीं. ज्यांस पुढें त्या वाटेचा लाभ व्हावयाचा, त्यांनीं तो वांटून घेतला पाहिजे.

युरोपांतील एक उदाहरण याहूनही बोलकें आहे. १८८८ च्या ऑगस्ट महिन्यांत बेर्था बेंझ या बाई आपल्या दोन मुलांस घेऊन, पतीनें बनविलेल्या मोटारींतून, मान्हाइमहून फोर्त्सहाइमला गेल्या. अंतर सुमारें शंभर किलोमीटरांचें. त्या काळीं पेट्रोल पंप ही वस्तु जगांत नव्हती. वाटेंत वीस्लोख गांवीं त्यांनीं औषधांच्या दुकानांतून इंधन विकत घेतलें. म्हणजे पंप झाले म्हणून मोटारी निघाल्या नाहींत. एक बाई निघाली, म्हणून औषधाचें दुकान हें पंप झालें.

इतकें दूर जाण्याचेंही कारण नाहीं. आषाढांत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आमच्याच जिल्ह्यांतून नातेपुतें, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करीत पंढरीस जाते. वारकरी येतात म्हणून गांव पाण्याचे रांजण भरून ठेवतो, आणि गांव रांजण भरून ठेवील या विश्वासानें वारकरी निघतो. येथें बीज आणि अंकुर यांचा वाद कोणी घालीत नाहीं, कारण दोहोंच्या मध्यें विश्वास आहे. चार्जिंग स्टेशन ही कांहीं पाणपोई नव्हे. तेथें पैसे मोजावे लागतात, आणि चालविणाराचें पोटही भरलें पाहिजे. परंतु विश्वासाची गरज धर्मकृत्यास असते आणि व्यापारास नसते, असें थोडेंच आहे?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो क्षुल्लक नाहीं. सोलापूरजवळ १३२० मेगावॉटांचें औष्णिक वीजकेंद्र उभें आहे. तें कोळशावर चालतें. मग मोटारीचा धूर नाहींसा झाला कीं केवळ दुसऱ्याच्या शिवारांत गेला? प्रश्न रास्त आहे, आणि विजेची मोटार घेणारानें आपण पुण्य केलें अशा घमेंडींत राहूं नये. परंतु पेट्रोलची मोटार आयुष्यभर पेट्रोलच जाळणार. विजेची मोटार मात्र आज कोळशाच्या, तर उद्यां उन्हाच्या विजेवरही चालूं शकते, आणि ऊन ही एक वस्तु सोलापुरास कधीं कमी पडलेली नाहीं. शिवाय ही सोय मूठभर मोटारवाल्यांचीच राहील असेंही नाहीं. १ जून २०२२ रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर एस.टी.ची विजेवर चालणारी 'शिवाई' गाडी निघाली. अनेक माणसांच्या गाडीसही वाटेवरची वीज लागतेच.

या साऱ्या विचारांतीं आम्हांस असें दिसून आलें कीं, टेंभुर्णीस यंत्र अडवून बसणें आणि तीन वर्षें 'मग पाहूं' म्हणणें, हे दोन निरनिराळे दोष नव्हते. दोन्हींच्या मुळाशीं एकच भय होतें: झीज सोसावयाची ती दुसऱ्यानें आधीं सोसावी. एके ठिकाणीं त्या भयास आम्ही सावधपणा म्हटलें, दुसऱ्या ठिकाणीं व्यवहारज्ञान म्हटलें. ज्याची ऐपत नाहीं त्यानें वाट पाहिली तर ती त्याची अडचण आहे. ज्याची आहे त्यानें पाहिली तर तो दुसऱ्याच्या धाडसावर व्याज खातो.

आपल्या भाषेंत 'वाट पाहणें' आहे तसें 'वाट देणें' हेंही आहे. पूर आलेली नदी वाट देते, गर्दींतला भला मनुष्य वाट देतो. गेल्या महिन्यांत आम्ही वाहनाची मागणी नोंदविली. तें दाराशीं येईल तेव्हां तींत देवाच्या तसबिरीखालीं एक चिठ्ठी लावावयाची, असें घरांत ठरलें आहे. तिच्यावर एवढेंच लिहिलें असेल: 'मागें कोणी उभें असेल तर ८० टक्क्यांवर उठावें.'