ज्ञानियासाठी रडावं का?

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला सुरुवातीलाच बजावतो की शहाणी माणसं ना गेलेल्यांसाठी शोक करतात, ना असलेल्यांसाठी. ज्ञानेश्वरांनी 1290 मध्ये हे मराठीत उलगडून सांगितलं. पुढे सहाच वर्षांनी, कार्तिक वद्य त्रयोदशीला, त्यांनी आळंदीला समाधी घेतली आणि त्या प्रसंगावर नामदेवांच्या नावाचे जे अभंग आहेत त्यांत सगळेच रडतात. ज्यांनी ज्ञानेश्वरांना ज्ञान दिलं ते निवृत्तीनाथही सावरू शकत नाहीत. मग गीता खोटी की अभंग कच्चे? वारकऱ्यांनी दोन्ही जपलं. त्याच तिथीला आळंदीत नामदेवांच्या वंशजांचं, नामदास घराण्याचं, समाधीवर कीर्तन होतं.

मला यात विसंगती दिसत नाही. तत्त्वज्ञान गेलेल्याविषयी बोलतं, शोक मागे राहिलेल्याचा असतो. आत्मा अमर असेलही, पण ज्ञानेश्वर-नामदेवांचं बरोबर तीर्थं हिंडणं आणि वाटेतलं बोलणं संपलं ते संपलंच. ज्ञान त्याची भरपाई करत नाही, तसा त्याचा दावाही नाही. आजकाल म्हणतात तसं कला केवळ मन हलकं करायला असती, तर नामदेवांनी एकदा गाऊन भागलं असतं. दरसाल ते पुन्हा गायचं कारण, गाण्यानं दुःख मिटत नाही. त्याला चारचौघांत जागा मिळते.

हे अभंग सगळे नामदेवांचे नाहीत, नंतरच्यांनी त्यांच्या नावावर रचलेत, ही अभ्यासकांची शंका रास्त आहे. पण तसं असेल तर ज्यांनी ज्ञानेश्वरांना पाहिलंही नाही त्यांनाही हा शोक गावासा वाटला, हे आणखी मोठं. उसन्या शब्दांतलं दुःख खोटं ठरत नाही. जात्यावरच्या ओव्या बघा. अभ्यासक हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांच्या पुढाकारानं एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. शिरूर तालुक्यातल्या सविंदणे गावच्याही त्यांत आहेत. पहिली ओळ बहुधा सगळ्यांची, आईकडून मुलीकडे आलेली. मेलेल्या भावाचं, नवऱ्याचं दुःख त्यातच बसवायचं. सासरी मोकळं रडायची सोय नसलेल्या बाईला ती तयार चाल म्हणजे आडोसा होता, आणि शेजारी दुसरा खुंटा धरून बसलेली बाई ते ऐकत असे.

कोणी म्हणेल, दुःखाचं गाणं केलं की त्याची चव घेतली जाते. नाट्यशास्त्रात भरतमुनींनी करुणालाही रसांतच धरलंय. नाटकाच्या प्रेक्षकाबाबत ते खरं असेल. ओवी गाणारी मात्र दळण दळत असे, ऐकणारीही दळतच असे; तिथे प्रेक्षक नसायचाच.

भीमेकाठी, इकडे मांडवगण फराट्याला काय किंवा पलीकडे दौंडच्या गावांत काय, आता पीठ गिरणीतून येतं आणि दशक्रियेला प्रवचन असतं. प्रवचनकार आत्म्याचं अमरत्व सांगतात, मग पुढाऱ्यांच्या श्रद्धांजल्या होतात. घरच्या बायका मागे बसून ऐकतात. कृष्णाचं उत्तर त्यांना मिळतं. निवृत्तीनाथांच्या रडण्याचा एखादा अभंग तिथे क्वचितच कोणी म्हणतं. तो म्हणायला हरकत कोणाचीच नसावी, अगदी गीतेचीही.