गाठ तोडावी की सोडवावी?



रायपूरहून बिलासपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर सिलतरा लागते. स्पंज आयर्न व पोलाद यांच्या कारखान्यांमुळे हे गाव औद्योगिक क्षेत्र म्हणून ओळखले जाते. तेथे नोकरी करणाऱ्या, मूळच्या विदर्भातील एका बांधवाने मला एक प्रश्न विचारला. प्रश्न साधा वाटला, परंतु त्याचे उत्तर देताना मी अडखळलो. तो प्रश्न आज आपणापुढे मांडतो.

या बांधवाने एका वयोवृद्ध विधवेच्या घरातील दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. करारनामा अकरा महिन्यांचा होता. पहिले सहा महिने जागा सोडावयाची नाही आणि सोडल्यास दोन महिन्यांची अनामत रक्कम परत मिळावयाची नाही, अशी त्यात अट होती. चौथ्या महिन्यात त्याचे गृहकर्ज मंजूर झाले व रायपुरात लहानसे घर त्याच्या नावावर झाले. आता एका हाताने कर्जाचा हप्ता आणि दुसऱ्या हाताने भाडे देणे त्याला झेपेना. तो म्हणाला, “अनामत रक्कम सोडून देतो आणि निघतो. करारातच तसे लिहिले आहे. मग मी शब्द मोडला असे होते काय?”

आपण काय उत्तर द्याल? कित्येक जण म्हणतील, “यात पाप कसले? दंड भरला, हिशेब मिटला.” हा विचार नवा नाही. अमेरिकन न्यायविद ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८९७ साली एका व्याख्यानात असेच प्रतिपादन केले होते. कायद्याच्या दृष्टीने करार पाळण्याचे कर्तव्य म्हणजे, तो न पाळल्यास भरपाई द्यावी लागेल हे भाकीत, याहून अधिक काही नाही, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे करार करणाऱ्यापुढे दोन वाटा खुल्या असतात: शब्द पाळावा किंवा त्याची किंमत मोजावी. न्यायालयाला याहून अधिक विचारावयाचे नसेल. पण परमेश्वर आपल्याला एवढेच विचारतो काय?

पंधरावे स्तोत्र उघडून पाहा. परमेश्वराच्या मंडपात कोणी राहावे, या प्रश्नाने ते सुरू होते. येथे ‘राहणे’ यासाठी जे हिब्रू क्रियापद आहे, त्याचा अर्थ मालक म्हणून राहणे असा नसून परक्याच्या आश्रयाने, उपरा म्हणून राहणे असा आहे. देवाच्या घरी आपण सारे उपरेच आहोत. अशा उपऱ्याची लक्षणे सांगताना चौथ्या वचनात शपथेचा विषय येतो. शपथ स्वतःला तोट्याची ठरली, तरी हा मनुष्य ती बदलत नाही, असा आपल्या परिचयाचा अर्थ आहे. सेप्टुअजिंट या प्राचीन ग्रीक भाषांतरात मात्र तेथे ‘तोटा’ नसून ‘शेजारी’ आहे: हा मनुष्य शेजाऱ्याला शपथ देतो व ती मोडीत नाही. स्वरचिन्हांवाचून लिहिलेल्या हिब्रू अक्षरांतून हे दोन्ही अर्थ निघू शकतात. भाषांतर करताना यांपैकी एकच निवडावा लागतो. पण आचरण करताना दोन्ही जवळ ठेवण्यास हरकत नाही. शब्द पाळताना माझा तोटा होऊ शकतो हे खरे, आणि तो शब्द माझ्या शेजाऱ्याला दिलेला आहे हेही तितकेच खरे.

याच वचनातील ‘बदलत नाही’ हे क्रियापद लेवीय २७:१० मध्येही आले आहे. परमेश्वराला एक पशू नवस केल्यावर त्याच्या जागी दुसरा देऊ नये, असा तेथे नियम आहे. म्हणजे या शब्दाचा रोख अदलाबदलीवर आहे. एक वस्तू देईन म्हणावे आणि तिच्याऐवजी दुसरी पुढे करावी, हे त्याला मान्य नाही. ‘राहीन’ हा शब्द देऊन त्याच्या जागी नोटा ठेवणे ही अशीच अदलाबदल नव्हे काय?

तर मग त्या बांधवाने सहा महिने दोन घरांचा भार वाहिलाच पाहिजे काय? तसेही मला म्हणावयाचे नाही. करार हा दोघांचा असतो. सूचना देऊन व ठरलेली रक्कम भरून केव्हाही जावे, असे दोघांनी समजून उमजून ठरविले असेल, तर त्याप्रमाणे जाणे हाच शब्द पाळणे होय. पण या घरी तसे नव्हते. त्या माउलीने छप्पर दुरुस्त करण्यासाठी पैसे उसने घेतले होते आणि भाड्यातून ती ते फेडीत होती. “वर्षभर तरी राहू,” असे हा बांधव तोंडाने बोलला होता व त्यावर विसंबून तिने दुसऱ्या भाडेकरूला नकार दिला होता. तिच्या दृष्टीने अनामतीची अट ही बाहेर पडण्याची वाट नव्हती, ते कुंपण होते. म्हणून, वाचकहो, कागदावर काय लिहिले आहे एवढेच पाहू नका. सही करताना समोरच्याने काय समजून विश्वास ठेवला, हे स्वतःला विचारा.

अशा वेळी मला नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायाचा आधार वाटतो. तेथे प्रसंग जामीनकीचा आहे. आपल्याच तोंडच्या शब्दांनी जो बांधला गेला, त्याला पळून जाण्यास सांगितलेले नाही किंवा स्वस्थ बसण्यासही सांगितलेले नाही. झोपेच्या आधी शेजाऱ्याकडे जा, नम्र हो, गळ घाल आणि आपली सुटका करून घे, असा तो उपदेश आहे. शब्दाची गाठ दोघांनी मिळून बांधलेली असते. ती एकट्याने तोडता येते, पण सोडवावयाची तर दोघांचे हात लागतात. ज्याला शब्द दिला तोच त्यातून आपल्याला मोकळे करू शकतो.

आपला देशी कायदाही याला अगदी परका नाही. वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या कायद्याने आवश्यक केली, म्हणून अकरा महिन्यांची प्रथा पडली. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यापासून अकरा महिन्यांचा करारही लेखी व नोंदविलेला असावा लागतो. १८७२ च्या करार कायद्याच्या ७४ व्या कलमाप्रमाणे करारात दंड कितीही लिहिलेला असो, न्यायालय त्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई देवविते. ७३ वे कलम सांगते की, नुकसान मोजताना ते टाळण्याची कोणती साधने हाताशी होती, हेही पाहिले जावे. जागा रिकामी ठेवून निघून गेलेल्याकडून पैसे वसूल करीत बसणे कायद्यालाही रुचत नाही.

येथे घरमालक वाचकांनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. अनुवाद २४ मध्ये तारण घेणाऱ्याने ऋणकोच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे, आणि गरिबाचे पांघरूण सूर्यास्तापूर्वी परत करावे, असा नियम आहे. अनामत रक्कम हेही एक तारणच आहे. भिंतीवरच्या खिळ्याच्या भोकाचे निमित्त करून ती गिळंकृत करणारा ख्रिस्ती घरमालक उपासनेत कितीही मोठ्याने गात असो, त्याने हा अध्याय पुन्हा वाचावा. भाडेकरू सुटका मागावयास आला, तर ती देण्याची कृपा आपणही कोठेतरी अनुभवली आहे, हे त्याने आठवावे.

मी त्या बांधवाला एवढेच म्हटले, “पैसे टेबलावर ठेवून जाऊ नकोस; आधी तिच्यापाशी जाऊन बैस.” तो गेला. घर घेतल्याचे त्याने तिला सांगितले, दिलेला शब्द आठवतो असेही सांगितले, आणि काय करू, असे विचारले. ती प्रथम रागावली. “कागद केला कशाला मग?” असे तिने विचारले, आणि त्यावर त्याच्याजवळ उत्तर नव्हते. अखेर असे ठरले की, नवा भाडेकरू त्याने शोधावा आणि तो येईपर्यंत भाडे द्यावे. पुढे आपल्याच पाळीतील एका सहकाऱ्याला त्याने ती जागा मिळवून दिली. पण खोल्या एक महिना रिकाम्या राहिल्या आणि त्या महिन्याचा हप्ता व भाडे दोन्ही त्याला भरावे लागले. त्यासाठी नव्या घराला रंग देण्याचे काम पुढे ढकलावे लागले. अनामत मात्र तिने आपण होऊन परत केली आणि गृहार्पणाच्या प्रार्थनेला ती आली.

सर्वच घरांत शेवट असा गोड होईल असे नाही. एखादी घरमालकीण दाराआडूनच नकार देईल. तेव्हा ठरलेली मुदत पुरी करावी लागेल व ती तोट्याची असेल. तोटा झाला तरी न बदलणारा मनुष्य स्तोत्रकर्त्याने वर्णिला आहे, तो अशाच वेळी ओळखू येतो. आपले होय ते होय असावे, ही प्रभू येशूची अपेक्षा होय म्हणणे सोयीचे असेल तेवढ्याच दिवसांपुरती नाही.

भूमी माझी आहे आणि तुम्ही माझ्याजवळ उपरे व पाहुणे आहात, असे परमेश्वराने इस्राएलास बजावले होते. ज्यांच्या हाती आज नव्या घराच्या किल्ल्या आल्या आहेत, त्यांनी देवाचे आभार मानावेत. परंतु त्या किल्ल्या खिशात टाकण्यापूर्वी जुन्या घराच्या किल्ल्या कोणाच्या हाती व कशा रीतीने द्यावयाच्या, याचाही प्रार्थनापूर्वक विचार करावा.