तिळगुळ सर्वांना, मग वाण का नाही?

संक्रांत आली की आमच्या काकतीत घरोघरी तीळ भाजल्याचा वास सुटतो. मराठी घरातली पोरं 'तिळगुळ घ्या, गोड बोला' म्हणत निघतात, कानडी घरातून एळ्ळु-बेल्लाची वाटी येते. जैन, लिंगायत, मराठा असा भेद त्या वाटीला ठाऊक नसतो. सवाष्णीला तिळगुळ द्यावा आणि विधवेला देऊ नये, असंही कुणी म्हणत नाही. पण रथसप्तमीच्या आत त्याच घरात हळदीकुंकू ठरतं, आणि तिथं मात्र कुणाला बोलवायचं नि कुणाला नाही, हे बघितलं जातं.

ज्यांना बोलावणं जात नाही त्या काही परक्या नसतात. शेजारची अक्का असते, थोरली जाऊ असते, कधी आपली आईच असते. बाहेरच्या खोलीत वाण लुटलं जातं आणि ती आत चहा गाळत असते. सणाचं निम्मं काम तिच्या हातचं असतं, पण सणात ती नसते.

हे कुठल्या धर्मानं सांगितलं? आपण श्राविका रोज 'चत्तारि मंगलं' म्हणतो. त्यात मंगल चारच सांगितलेत : अरिहंत, सिद्ध, साधू आणि केवलींनी सांगितलेला धर्म. नवरा जिवंत असणं हे त्यात कुठंच नाही. आपल्या कर्मसिद्धांतात आठ कर्मं आहेत, त्यातलं एक आयुकर्म. ज्याचं त्याचं आयुष्य ज्याच्या त्याच्या आयुकर्मानं संपतं. मग नवऱ्याचं आयुष्य संपलं म्हणून बायको अशुभ कशी ठरते? एका जीवाचं कर्म दुसऱ्याच्या कपाळी लावायचं, हे तर सिद्धांताच्याच उलट झालं.

बस्तीत आपण हे पाळतोही. अभिषेकानंतर गंधोदक सगळ्याच मस्तकी लावतात, तिथं सवाष्ण की विधवा असं कोण विचारतं? आर्यिका माताजी गावात आल्या की आपण पायांशी वाकतो. दीक्षेआधी त्या कोण होत्या, याची चौकशी करत नाही. मग बस्तीच्या पायऱ्या उतरून घरी येईपर्यंत आपलं ज्ञान जातं कुठं?

आमच्या गावाला तर हे विसरायची सोयच नाही. कित्तूरची राणी चन्नम्मा ही काकतीची लेक. १८२४ साली इंग्रजांपुढे ती उभी राहिली तेव्हा ती विधवा होती, मुलगाही गेलेला होता. तिचं नाव आपण अभिमानानं घेतो. पण ती आज आपल्या गल्लीत राहत असती तर हळदीकुंकवाला तिला बोलावणं गेलं असतं का?

निपाणीपासून फार लांब नसलेल्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या दिवसांत, ग्रामपंचायतीत ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं बंद. पुढं महाराष्ट्र सरकारनं इतर गावांनाही तोच कित्ता गिरवायला सांगितलं. ठरावानं रीत बंद करता येते. पण बोलावणं कुणाला धाडायचं हे ग्रामपंचायत ठरवत नाही, ते घरातली बाईच ठरवते.

'त्यांनाच यायला नको वाटतं,' असं आपण म्हणतो. असेल तसंही. वर्षानुवर्षं कुणी बोलावलं नाही तर नकोच वाटायला लागतं. आणि एखादीला खरंच कुंकू नको असेल, तर जबरदस्तीनं लावणं हीसुद्धा हिंसाच. दयेनं बोलावणंही नको, ते तिला लगेच कळतं. इतरांना जसं सांगतो तसंच तिला सांगावं. यायचं की नाही, कुंकू लावून घ्यायचं की नुसतं वाण घ्यायचं, ते तिचं तिनं ठरवावं.

अहिंसा म्हणजे मुंगी वाचवणं हे आपल्याला लहानपणापासून शिकवलंय. बोलावणं न धाडूनही जीव दुखवता येतो, हे मात्र कुणी शिकवलं नाही. या संक्रांतीला वाण मोजताना चार जास्तच आणावेत. आणि सांगायला पोरीला न धाडता आपण स्वतः जावं.