आईच्या अंगठ्याची साक्ष



फेब्रुवारी महिन्यातील एका शुक्रवारी जुमाच्या नमाजनंतर एक तरुण शिक्षक माझ्यासाठी थांबून राहिला. इतर नमाजी निघून गेल्यावर त्याने विचारले, "मौलाना, हिंगोलीतले घर अम्मीच्या नावावर आहे. मी बायको-मुलांसह तिथेच राहतो. प्राप्तिकराच्या विवरणात घरभाडे दाखवायचे आहे. अम्मीच्या नावाने भाडेपावत्या दिल्या तर चालेल का?"

मी विचारले, "भाडे देता का?"

तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "आईला कोण भाडे देतो, मौलाना? पण घरचा सगळा किराणा मीच भरतो."

पावत्या तयार होत्या. बारा महिन्यांच्या बारा पावत्या, प्रत्येकीवर एक रुपयाचे रेव्हेन्यू तिकीट आणि त्या तिकिटावर आईचा अंगठा. मी विचारले, "कागदावर काय लिहिले आहे हे त्यांना माहीत आहे का?" तो म्हणाला, "अम्मीने विचारले नाही. मी कागद पुढे केला, तिने अंगठा दिला."

हा प्रश्न एकट्या त्या तरुणाचा नाही. हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव, औंढा नागनाथ, कोणत्याही तालुक्यात जा. ज्या घरात एक पगार येतो, त्या घरात वर्षाअखेरीस हा कागद निघतो. म्हणून या प्रश्नाचा विचार आपण सर्वांनी मिळून करू या.

प्रथम एक गैरसमज दूर करू. आई-वडिलांचे घर भाड्याने घेणे निषिद्ध नाही. शरीअतमध्ये भाड्याच्या कराराला ‘इजारा’ म्हणतात. वस्तू कोणती, मुदत किती आणि मोबदला किती हे निश्चित असावे, दोन्ही पक्षांची राजी-खुशी असावी, एवढे झाले की करार वैध होतो. मालक आई आहे म्हणून तो बाद होत नाही. देशाचा कायदाही हेच सांगतो. प्राप्तिकर कायद्याप्रमाणे घरभाडे भत्त्यावर सूट मिळते आणि घरमालक आई किंवा वडील असले तरी ती मिळते. मात्र घर खरोखर त्यांच्या मालकीचे असावे, भाडे खरोखर दिलेले असावे आणि त्यांनी ते आपल्या उत्पन्नात दाखवावे. 2017 मध्ये मुंबईच्या प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणासमोर असेच प्रकरण आले होते. मुलीने आईला रोख भाडे दिल्याचा दावा केला होता. व्यवहार खरा असल्याचा पुरावा नव्हता, म्हणून तिची सूट नाकारण्यात आली. म्हणजे शरीअत आणि कायदा दोघेही एकच प्रश्न विचारतात: भाडे दिले का?

किराणा भरणे म्हणजे भाडे देणे नव्हे. आई-वडिलांचे पोषण करणे हे समर्थ मुलाचे कर्तव्य आहे. तो त्यांचा हक्क आहे. एक हक्क अदा करून त्यालाच दुसऱ्या व्यवहाराचे नाव देता येत नाही. तसेच पहिल्या तारखेला आईच्या खात्यात रक्कम टाकायची आणि त्याच संध्याकाळी तिच्याकडून काढून घ्यायची, हेही भाडे नव्हे. ही हिकमत कदाचित लेखापरीक्षकाला चकवील. अल्लाहला चकवणार नाही.

आता हिशेब करू. एखाद्या शिक्षकाचे मूळ वेतन 40,000 आणि महागाई भत्ता 20,000 रुपये आहे असे समजा. सूट काढताना दिलेल्या भाड्यातून या एकूण वेतनाचे दहा टक्के, म्हणजे 6,000 रुपये, वजा होतात. वर्षाचे भाडे एक लाखाच्या वर गेले की घरमालकाचा पॅन क्रमांक द्यावा लागतो. तो टाळण्यासाठी पावतीवर महिना 8,000 रुपये लिहिले जातात. उरले 2,000. वर्षाचे 24,000. वीस टक्क्यांच्या टप्प्यातील माणसाचा त्यावरचा कर उपकरासह 4,992 रुपये होतो. वर्षाला पाच हजार रुपये! एवढ्यासाठी आपण आपल्या जन्मदात्रीचा अंगठा बारा वेळा खोट्या कागदावर उमटवतो.

बंधूंनो, पावती म्हणजे साक्ष आहे. पवित्र कुरआनची सर्वांत दीर्घ आयत, सूरह बकराची 282वी, नमाज किंवा रोजाविषयी नाही. ती देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे आणि देणे असलेल्याने त्यात काही कमी करू नये, असा आदेश अल्लाहने तिथे दिला आहे. सूरह निसाच्या 135व्या आयतीत तर श्रद्धावंतांना न्यायावर ठाम राहून अल्लाहसाठी साक्ष देण्यास सांगितले आहे, मग ती साक्ष स्वतःच्या, आई-वडिलांच्या किंवा नातलगांच्या विरुद्ध का जाईना. जिथे आई-वडिलांसाठीही खरी साक्ष सोडू नये अशी आज्ञा आहे, तिथे आपण आई-वडिलांकडूनच खोटी साक्ष देववतो.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एकदा आपल्या सहकाऱ्यांना सर्वांत मोठी पापे कोणती ते सांगितले. प्रथम अल्लाहबरोबर इतरांना भागीदार ठरवणे आणि आई-वडिलांची अवज्ञा करणे ही सांगितली. तोपर्यंत प्रेषित (स.) टेकून बसले होते, मग ते सरळ उठून बसले आणि खोट्या साक्षीचा इशारा इतक्या वेळा देत राहिले की, आता त्यांनी थांबावे असे सहकाऱ्यांना वाटू लागले. ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. त्यात आई-वडिलांचा हक्क आणि खोटी साक्ष शेजारी-शेजारी आले आहेत. त्या बारा पावत्यांत हे दोन्ही एकाच वेळी पायदळी तुडवले जातात. ज्या माउलीने आयुष्यात कोणाची कवडी बुडवली नाही, तिच्या नावावर तिच्या नकळत असत्य लिहिले जाते. तिला ठाऊक नाही म्हणून ती निर्दोष ठरेल, इन्शाअल्लाह. मग सगळा भार कोणावर येईल?

याचीच दुसरी शाखा खुद्द भत्त्याची आहे. ज्या सेवेत स्वतःच्या घरात राहूनही भत्ता देय असतो, तिथे तो वेतनाचा भाग आहे आणि निःसंशय हलाल आहे. पण जिथे मुख्यालयी राहण्याची अट आहे, तिथे अट पाळल्यावरच तो आपला होतो. ग्रामविकास विभागाने 2019 मध्ये मुख्यालयी राहत असल्याबाबत ग्रामसभेचा ठराव मागितला. तेव्हापासून शाळा सेनगाव तालुक्यात, मुक्काम हिंगोलीत आणि ठराव मात्र गावातल्या वास्तव्याचा, असे प्रकार घडतात. खेड्यात राहण्याजोगे घर मिळत नाही ही अडचण खरी असू शकते. ती शासनाला अर्जाने कळवावी, संघटनेमार्फत मांडावी. खोट्या दाखल्याने सोडवू नये. शिवाय त्या दाखल्यासाठी आपण सरपंचालाही पापात ओढतो.

काही जण म्हणतात, हे सरकारी पैसे आहेत, त्यात कोणाचा हक्क बुडतो? खैबरच्या मोहिमेत प्रेषितांचा (स.) एक सेवक बाण लागून मरण पावला. लोक त्याला हौतात्म्याबद्दल शुभेच्छा देऊ लागले, तेव्हा प्रेषितांनी (स.) सांगितले की, वाटणीपूर्वी लुटीच्या मालातून त्याने उचललेली चादर त्याच्यावर आग होऊन पेटत आहे. ते ऐकून एक माणूस चपलेचे बंद घेऊन परत द्यायला धावला. सार्वजनिक मालातील चपलेच्या बंदाचाही हिशेब आहे.

काही जण म्हणतात, हे सरकार काही इस्लामी नाही. त्यांनी हिजरतची रात्र आठवावी. मक्केतील लोक प्रेषितांच्या (स.) जिवावर उठले होते आणि त्याच लोकांच्या ठेवी त्यांच्याकडे होत्या. त्या परत करण्यासाठी प्रेषितांनी (स.) हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवले. अमानत ठेवणाऱ्याचा धर्म पाहून ती अदा करायची नसते. नोकरीत रुजू होताना आपण अटी मान्य केल्या. सूरह माइदाच्या पहिल्याच आयतीत करार पूर्ण करण्याचा आदेश आहे. शिवाय हा कोष आपल्याच शेजाऱ्याचा आहे. काडेपेटी विकत घेणारा मजूरही त्यात कर भरतो.

आणि काही जण म्हणतात, सगळेच करतात. वसमतच्या मोंढ्यात हळद घालताना काटा क्विंटलमागे किलोभर खाली दाखवतो असे कळले, तर आपण "सगळेच करतात" म्हणून गप्प बसतो का? सूरह मुतफ्फिफीनमध्ये अशाच लोकांचा धिक्कार आहे, जे घेताना पुरेपूर घेतात आणि देताना घटवून देतात.

मग करावे काय? घर आईचे असेल आणि भाडे द्यायचे असेल, तर साधा भाडेकरार लिहा, परिसरात चालतो तेवढाच दर ठरवा, दरमहा तिच्या खात्यात रक्कम जमा करा आणि तिला ती तिच्या मर्जीने खर्च करू द्या. आईच्या हाती स्वतःचा पैसा येईल. ती त्यातून सदका देईल, नातवंडांना ईदी देईल. भाडे द्यायचे नसेल तर सूट मागू नका. जे होऊन गेले, त्याची तौबा करा. पण नुसत्या शब्दांनी नव्हे. मागील वर्षांसाठी अद्ययावत विवरणपत्र भरून कर चुकता करण्याची सोय कायद्यात आहे. हक्क नसताना घेतलेला भत्ता कार्यालयामार्फत चलनाने शासनजमा करता येतो. मालक माहीत असताना त्याचा पैसा गरिबांत वाटून जबाबदारी सुटत नाही, आणि त्या पैशातून केलेला उमरा ती सोडवत नाही.

त्या तरुणाला मी एवढेच सांगितले: "घरी जा, अम्मीजवळ बसा आणि पावतीवरचा मजकूर त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. आवाज खाली न करता वाचता आला, तर कागद कार्यालयात द्या. नाही वाचता आला, तर उत्तर तुम्हाला मिळाले."

वाचकहो, आपल्या घरातील कागदही असेच एकदा आईसमोर वाचून पाहा. एक दिवस ते सर्व कागद आपल्यासमोर वाचले जाणार आहेत, आणि त्या दिवशी हात-पायही साक्ष देतील.

हे अल्लाह, आमची कमाई पाक कर, आमच्या लेखणीला सत्यावर ठेव आणि आमच्यामुळे आमच्या आई-वडिलांना तुझ्यासमोर लाजवू नकोस. आमीन.