सुट्या मणक्यांची मोजदाद

लांब मानेच्या डायनासोरांच्या जाती किती होत्या, हे हाडांवरून ठरवताना आपण मोजतो ती नावे. प्राण्यांची संख्या आणि नावांची संख्या एकच असते असे गृहीत धरले की गफलत सुरू होते. जबलपूरच्या लमेटा थरांतल्या शेपटीच्या सुट्या मणक्यांवरून रिचर्ड लायडेकर यांनी १८७७ साली 'टायटॅनोसॉरस इंडिकस' ही जाती मांडली. पुढून खोलगट आणि मागून फुगीर अशी त्या मणक्यांची घडण तेव्हा आगळी वाटली. पुढे तशीच घडण अर्जेंटिना, युरोप आणि मादागास्करमधल्या हाडांत दिसली, आणि सव्वाशे वर्षांत एकाच 'टायटॅनोसॉरस' नावाखाली १४ जाती गोळा झाल्या. २००३ साली जेफ्री विल्सन आणि पॉल अपचर्च यांनी दाखवून दिले की ती खूण जातीची नसून साऱ्या घराण्याचीच आहे. मूळ नाव बाद झाले आणि १४ पैकी पाचच जाती स्वतःच्या खुणांवर उभ्या राहिल्या. त्यांतली एक चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावची. तिचा सांगाडा बराच हाती लागला असल्याने 'इसिसॉरस' हे वेगळे नाव तिला मिळाले आणि टिकले.

मग अशी छाटणी म्हणजेच सावधपणा, असे कुणी म्हणेल. मला ते अर्धेच पटते. नाव रद्द झाले म्हणून तो प्राणी दुसऱ्या कुठल्या जातीचा ठरत नाही, त्याची ओळख तेवढी अनिर्णित राहते. या प्राण्यांची डोकी लहान, हलकी, मानेशी सैल जोडलेली. ती क्वचितच टिकतात. शेपटीचे मणके भक्कम म्हणून टिकतात, पण जातींतला फरक त्यांच्यात नेहमी उमटतोच असे नाही. म्हणून पक्क्या जातींचा आकडा 'किमान इतक्या' एवढेच सांगतो. इतके अवाढव्य प्राणी एकाच परिसरात अनेक जातींनी कसे जगतील, हा आक्षेपही टिकत नाही. अमेरिकेतल्या युटाच्या एकाच खाणीत डिप्लोडोकस, कॅमारासॉरस, अपॅटोसॉरस आणि बॅरोसॉरस सापडले आहेत. कॅमारासॉरसचे दात रुंद आणि जाड, डिप्लोडोकसचे पेन्सिलीसारखे बारीक. खाणे वेगळे असेल तर एकाच रानात दोघांचे भागते.

नर्मदेच्या खोऱ्यात, धार जिल्ह्यात, याच लांब मानेच्या डायनासोरांची ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदली गेली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कवचांचे सहा प्रकार ओळखले गेले. कवचाचा प्रकार म्हणजे जाती नव्हे, आणि एकाच जातीच्या अंड्यांतही फरक पडू शकतो. म्हणून सहा हा आकडा मी जातींचा आकडा म्हणून घेणार नाही. तरी हाडांपासून स्वतंत्र असलेला हा पुरावा अधिक विविधतेकडे बोट दाखवतो, त्या अर्थी हाडांवरचा आकडा कमीच भरत असावा असे मानायला जागा आहे.